गळणारं बाथरूम, वाढलेली भाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. कोथरूडला आमचा टू बीएचके आहे, सासऱ्यांनी १९९३ साली घेतलेला, सासरे गेल्यावर तो ह्यांच्या नावावर झाला, आम्ही स्वतः बाणेरला राहतो आणि हा भाड्याने देतो. भाडेकरू चांगले आहेत, चार वर्षं झाली. पण कॉमन बाथरूमखाली खालच्या काकांच्या छताला ओल आलीये आणि ते आता रोज फोन करतात. एक प्लंबर म्हणतो वरून केमिकल मारू, दोन दिवसांचं काम, दुसरा म्हणतो सगळं फोडावं लागेल आणि लाखाच्या वर सांगतो. ॲग्रीमेंट दोन महिन्यांनी संपतंय, एजंट म्हणतो भाडी वाढलीत, नवीन पार्टी आणतो, मुलगा म्हणतो विकून टाका, आणि सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे. मग बाथरूमवर खर्च करायचा तरी कशाला? काहीच सुचत नाहीये.

उत्तर : ताई, चार प्रश्न एकदम अंगावर आले की असंच होतं. आधी बाथरूम बघू, कारण बाकीचं महिना-दोन महिने थांबू शकतं पण पाणी थांबत नाही, ते स्लॅबमधल्या लोखंडापर्यंत पोचलं की सळया गंजतात, फुगतात आणि खालच्यांचं प्लास्टर पडायला लागतं.

कुणालाही फोडू द्यायच्या आधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. खालच्या काकांना विचारा, ठिपका चोवीस तास ओला असतो का? असेल तर बहुतेक नळाची लाइन गळतीये, त्या काळातल्या बिल्डिंगमध्ये जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतात आणि ते आतून गंजलेले असतात. रात्री बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून सकाळपर्यंत ओल कमी होते का बघा. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतून पाणी जायच्या जाळीखालचा भाग) किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. आणि फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधली कॉमन लाइन, तो खर्च सोसायटीचा, तुमचा नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (नमुना नियमावलीत) हे सरळ आहे, संडास-सिंकमुळे होणारी आतली गळती सभासदाने दुरुस्त करायची, पावसाची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची सोसायटीने. त्यामुळे सेक्रेटरींना आत्ताच लेखी कळवून ठेवा.

केमिकलवाल्या प्लंबरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टाइल्सच्या फटी उघड्या पडल्या असतील तर इपॉक्सी ग्राउटने (फटी भरायच्या पक्क्या मसाल्याने) फरक पडतो, पण ट्रॅपचा जॉइंट सुटला असेल तर वरून काहीही मारा, सहा महिन्यांत काकांचा फोन परत येणार. फोडायचंच ठरलं तर नीट करून घ्या. टाइल्स आणि कोबा (त्याखालचा सिमेंटचा थर) काढून स्लॅब उघडा, जुना ट्रॅप आणि पाइप बदला, सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे) पाइप टाका आणि नवीन लाइनला प्रेशर टेस्ट करून घ्या, कोपरे आणि पाइपच्या भोवतालची जागा भरून घ्या, वॉटरप्रूफिंगचा कोट भिंतीवर फूटभर तरी वर न्या आणि शॉवरच्या बाजूला आणखी वर. मग ट्रॅपला बूच मारून अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ठेवा आणि काकांना खाली छत बघायला सांगा. ही टेस्ट झाल्याशिवाय एकही टाइल बसवू देऊ नका, कारागीर घाई करतात, त्यांना पुढचं काम असतं, तरीही नाही म्हणायचं. टाइल्सने झाकायच्या आधी पाइप कुठून गेलेत त्याचे फोटो काढा. भाड्याच्या घरात कन्सील्ड डायव्हर्टरची (भिंतीच्या आत बसवलेल्या गरम-थंड पाण्याच्या नळाची) हौस नको, बाहेरचा साधा मिक्सर बिघडला तर तासाभरात बदलता येतो, भिंतीतला बिघडला की परत फोडाफोडी. फरशी अँटीस्किड घ्या, उतार ट्रॅपकडे आहे ना ते बादलीभर पाणी ओतून बघा, आणि त्याच लॉटच्या आठ-दहा टाइल्स माळ्यावर ठेवा.

आता भाडेकरू. टू बीएचके म्हणजे दुसरं टॉयलेट असणार, त्यामुळे ते राहत असतानाही काम होऊ शकतं, पण धूळ, आवाज, सकाळी एकाच बाथरूमसमोर सगळं घर, हे त्यांनी सोसायचं आणि भाडं पूर्ण द्यायचं हे बरोबर नाही. तेवढ्या दिवसांचं भाडं कमी करा आणि तारखा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. एजंटचं ऐकून चार वर्षांचे चांगले लोक घालवू नका असं मला मनापासून वाटतं. भाडी चढलीत हे खरंच आहे, कोथरूडला एकेक जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातीये आणि तिथल्या कुटुंबांना मुलांच्या शाळेसाठी त्याच भागात घर हवं असतं, बिल्डर भाडं देतो म्हणून तेही जास्त द्यायला तयार असतात, शिवाय वनाजची मेट्रो २०२२ पासून चालू आहे. पण घर महिनाभर रिकामं, एजंटची ब्रोकरेज, रंगकाम, एवढ्यात वाढीव भाड्याचा मोठा भाग जातो. बाथरूम नीट करून द्या आणि त्याच लोकांना वाजवी वाढ सांगा, बहुतेक हो म्हणतील.

नवीन ॲग्रीमेंटमध्ये एक कलम घाला की नळाचा वॉशर, बल्ब असलं किरकोळ भाडेकरूने बघायचं, भिंतीतले पाइप, गळती, वॉटरप्रूफिंग मालकाचं, आणि ओल दिसली की त्यांनी दोन दिवसांत कळवायचं.

रीडेव्हलपमेंटचं म्हणाल तर नुसत्या चर्चेवर थांबू नका. सभा, आर्किटेक्ट नेमणं, टेंडर, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकसक निवडणं, निम्म्याहून जास्त सभासदांची संमती, मग करारनामा, यात वर्षं जातात. करारनामा होऊन घरं रिकामी करायची तारीख ठरली असती तर मीही तात्पुरतं भागवा म्हटलं असतं.

आणि बाथरूम गळतंय म्हणून घर विकायचं नसतं. विकण्याचा विचार वेगळा बसून करा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर भांडवली नफ्याचे दोन पर्याय आहेत, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून न धरता) साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस टक्के, आणि तुमच्या घराला मूळ खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन वापरता येईल, सीएकडून दोन्ही काढून घ्या. रीडेव्हलपमेंट खरंच जवळ असेल तर आत्ता विकणं मला पटत नाही.

एक राहिलं. बाथरूमचं बिल भाड्याच्या उत्पन्नातून वेगळं वजा होत नाही, तिथे सरसकट तीस टक्के वजावट मिळते, दुरुस्ती केली काय नाही केली काय. आणि पुण्यात मिळकत करातली चाळीस टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच आहे, भाड्याने दिलेल्या घरावर ती चालू राहिली असेल तर आधीच तपासा, नाहीतर मागची थकबाकी एकदम येते.

प्रश्न : मी ठाण्यात भाड्याने राहतो. घर सोडताना मालक म्हणतात बाथरूमच्या भिंतीला पोपडे आले, गीझर गेला, डिपॉझिटमधून कापणार. ॲग्रीमेंट फक्त स्टॅम्प पेपरवर आहे, रजिस्टर केलेलं नाही. माझं काही चालेल का?

उत्तर : चालेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर्ड असायलाच हवा, ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. पोपडे आतल्या ओलीमुळे आलेत, तुमच्या वापराने नाही. गीझर किती जुना होता, मेकॅनिक काय म्हणाला ते लिहून घ्या. खारं पाणी असेल तर एलिमेंट जातंच. किल्ली द्यायच्या आधी सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि मालकांना शांतपणे मेसेज करा की कापाल त्याचं बिल द्या. पुढच्या घराला मात्र रजिस्ट्रेशनशिवाय पाऊल टाकू नका, घरबसल्या ऑनलाइन होतं. तीस हजार भाडं, लाखभर डिपॉझिट, अकरा महिने धरले तर स्टॅम्प ड्यूटी साडेआठशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये.

प्रश्न : डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने दिल्यापासून सोसायटी मेंटेनन्स दुप्पट घेते. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारी रक्कम, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सख्खा भाऊ, बहीण, मुलगी राहत असेल तर तेवढंही नाही. कमिटीला आदेशाची प्रत जोडून पत्र द्या, पोच घ्या, आणि ऐकलं नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार करा. तोवर बिल भरणं थांबवू नका, थकबाकीदार ठरवतील, प्रत्येक पावतीसोबत 'हरकत नोंदवून भरत आहे' असं लेखी देत राहा.