कुपवाडमध्ये २२ हजार हातात मिळतात, पुण्यातून ६ लाखांची ऑफर आहे. जावं का?

तुम्ही लिहिलंय की एमबीए झालंय, कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) अकाउंट्स आणि ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सांभाळता, सांगलीत घरीच राहता, आणि पुण्यातली ईआरपी बसवून देणारी कंपनी फंक्शनल कन्सल्टंट (ग्राहकाचं काम समजून सॉफ्टवेअर त्यानुसार बसवून देणारा) म्हणून घेतेय. जावं, असंच मी म्हणेन. पण ‘महिन्याला ५० हजार मिळणार’ हा हिशोब आधी डोक्यातून काढा.

ऑफर लेटरसोबत बहुधा पगाराचा तक्ता असतो, तो मागून घ्या. समजा त्यात बेसिक (मूळ पगार) पॅकेजच्या निम्मं, म्हणजे महिना २५ हजार आहे. मग ६ लाखांतून १० टक्के व्हेरिएबलचे (कामगिरी बघून मिळणाऱ्या रकमेचे) ६०,००० बाजूला ठेवा. ते मिळाले तर वर्षाअखेरीस, आणि पूर्ण मिळतील असं नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६,०००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी १४,४३०, आरोग्यविम्याचा हप्ता धरा साडेनऊ हजार. उरले ४ लाख ८० हजार, महिना ४०,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) कापला जाईल. हातात ३६,८००. आयकर लागणार नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तो शून्यच आहे. पीएफ निदान तुमचाच राहतो, पण ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्याशिवाय हाती येत नाही, म्हणून ती पगारात मोजूच नका.

पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन) राहिलात तरी भाडं, खानावळ, पेट्रोल आणि महिन्यातून एक सांगलीची फेरी धरून सतरा-अठरा हजार जातील. उरले एकोणीस. आज घरी चार हजार देत असाल तर सांगलीतही अठराच उरतात! तेव्हा पहिल्या वर्षी पैशांसाठी जाण्यात काही अर्थ नाही. जायचं ते कामासाठी.

आणि ते काम तुम्हाला येतं. बाहेर मशिनिंगला पाठवलेलं कास्टिंग (ओतीव भाग) वर्षाच्या आत परत आलं नाही तर जीएसटीत ती विक्री धरली जाते, हे तुम्ही रोज मालासोबतची चलनं जुळवताना बघता. खरेदी ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि बिल या तिन्हींत वजन का जुळत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. कोडिंग येणाऱ्याला हे शिकवायला महिने लागतात. पगाराची बोलणी करताना नुसतं ‘ईआरपी येतं’ म्हणू नका, असं एखादं उदाहरण पायरीपायरीने सांगा. हीच तुमची भाव करायची जागा. अपेक्षा विचारली की पॅकेजचा आकडा न सांगता ‘व्हेरिएबल सोडून फिक्स्ड इतकं हवं’ असं सांगा. सध्याचा पगार फुगवू नका. पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट मागतातच.

होकार देण्याआधी एक गोष्ट लेखी विचारा: पहिल्या वर्षी इम्प्लिमेंटेशनवर (नवीन ईआरपी बसवण्यावर) घेणार की सपोर्टवर (बसवलेल्याच्या तक्रारी सोडवण्यावर)? इम्प्लिमेंटेशनमध्ये ग्राहकाच्या कारखान्यात बसून गरजा लिहून घेणं, सेटिंग लावणं, जुना डेटा चढवणं, चाचणी घेणं हे सगळं हातून होतं. सपोर्टमध्ये तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करत दोन वर्षं निघून जातात आणि पुढची कंपनी तो अनुभव कमी धरू शकते. ग्राहकाकडे जाण्याचा राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा मिळतो की पगारातून, तेही विचारा.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर ६० वर आणायचा प्रयत्न करा, कारण पुढच्या कंपनीला माणूस बहुधा महिन्याभरात हवा असतो. नोटीस न भरता निघालात तर वसुली बेसिकवर होणार की एकूण पगारावर, तो शब्द नीट वाचा. वरच्या तक्त्यात महिन्याला १५ हजारांचा फरक पडतो. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांआधी सोडल्यास परत घेतात ते बघा. मूळ मार्कशीट, डिग्री कोणी ठेवून घेऊ म्हणालं तर देऊ नका. दाखवून लगेच परत घ्या.