वाचकांचे प्रश्न : पानांचा हिशोब आणि वहीतली बाकी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सार्थ ज्ञानेश्वरी सलग वाचण्याचा संकल्प मी गुढीपाडव्याला केला. माझी प्रत सुमारे नऊशे पानांची आहे, म्हणून रोज दहा पाने वाचली तर आषाढी एकादशीपूर्वी वाचन पूर्ण होईल, असा हिशोब मांडला. एका वहीत तारीख, वाचलेली पाने आणि राहिलेली बाकी असे रकाने आखले. बाराव्या अध्यायापर्यंत कसेबसे निभावले. तेराव्यात मात्र बाकी वाढत गेली आणि १४६ पानांवर पोहोचल्यावर मी वही मिटली. आता आषाढीही होऊन गेली. आमच्या गावच्या सप्ताहात सात दिवसांत पारायण होते, मग मला चार महिन्यांतही का जमू नये, हे मनाला लागून राहिले आहे. — एक वाचक, वाई

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण ग्रंथालयातल्या माझ्या नोकरीच्या काळात नेमके याच ठिकाणी ग्रंथ खाली ठेवणारे वाचक मी अनेकदा पाहिले आहेत. आधी सप्ताहाविषयी लिहितो. प्रचलित प्रतींत सुमारे ९,०३३ ओव्या असतात, म्हणजे सात दिवसांच्या पारायणात रोज जवळजवळ १,२९० ओव्या होतात. त्या मूळ ओव्या असतात, त्या सर्वांनी मिळून एका लयीत म्हणायच्या असतात आणि त्या दिवसांत घरची कामे बाजूला ठेवलेली असतात. आपण मात्र ओवी वाचता, खालचा अर्थ वाचता, अडलेला शब्द शोधता आणि पुन्हा ओवीकडे येता. दोन्ही गोष्टींना आपण वाचन म्हणत असलो, तरी त्यांचा वेग एका मापाने मोजता येणार नाही, त्यामुळे ही तुलना आपण मनातून काढून टाकावी.

आता आपल्या हिशोबाकडे वळू. नऊशे पानांत नऊ हजार ओव्या म्हणजे पानाला सरासरी दहा, आणि दहा पानांत शंभर. अर्थासह रोज शंभर ओव्या वाचणे हे अभ्यासू माणसालाही जड जाणारे प्रमाण आहे. त्यात अध्यायांची लांबी अतिशय असमान आहे. प्रतीप्रतीत थोडा फरक पडतो, पण साधारणपणे पाचव्या अध्यायात १८० ओव्या आहेत, बाराव्यात २४७, तेराव्यात १,१७० आणि अठराव्यात तब्बल १,८१०. पहिले सहा अध्याय एकत्र केले तर जेवढ्या ओव्या होतात, जवळजवळ तेवढा एकटा अठरावा अध्याय आहे. आपण बारा अध्याय संपवले तेव्हा दोन तृतीयांश ग्रंथ झाला असे आपल्याला वाटले असणार, आणि तसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण ओव्यांच्या हिशोबाने तेव्हा निम्माही ग्रंथ झालेला नव्हता. शेवट जवळ आला असे समजून चालणाऱ्याला समोर एकदम तेराव्या अध्यायाचा चढ लागला. ही आपल्या चिकाटीची उणीव नव्हती, मोजण्याचे माप चुकले होते.

शिवाय हा अध्याय घाईने वाचण्यासारखा नाही. ज्ञानाची लक्षणे सांगताना एकट्या अहिंसेसाठी ज्ञानदेव शंभराहून अधिक ओव्या देतात. अहिंसक माणूस जमिनीवर पाऊल कसे टाकतो, हे सांगताना ते कमळावर उतरणाऱ्या भुंग्याचा दाखला देतात. आपल्या भाराने आतला केसर चुरगळेल या शंकेने तो भुंगा पाय हळुवार ठेवतो. अशा ओवीशी माणूस थांबतो आणि थांबायलाच हवे. पण वहीतला बाकीचा रकाना त्या थांबण्याला थकबाकी म्हणतो. माझा खरा आक्षेप त्या रकान्यावर आहे.

म्हणून माझी सूचना अशी की पानांऐवजी ओव्या मोजाव्यात आणि मागची बाकी पूर्णपणे सोडून द्यावी. आपण तेराव्या अध्यायाच्या तीनशेव्या ओवीच्या आसपास असाल असे धरले, तर सुमारे ४,६०० ओव्या उरतात. रोज पंचवीस वाचल्या तर त्या १८४ दिवसांत होतात. श्रावणाच्या आरंभापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंतच्या आठ चांद्रमहिन्यांत सुमारे २३६ दिवस असतात. म्हणजे आजारपण, पाहुणे, प्रवास आणि नुसती टंगळमंगळ यांसाठी पन्नासएक दिवस आधीच राखून ठेवलेले राहतील, आणि ते वापरल्याबद्दल मनात खंत बाळगण्याचे कारण उरणार नाही. पंचवीस ओव्यांना अर्थासह साधारण अर्धा-पाऊण तास पुरतो.

वही ठेवाच, कारण इतक्या मोठ्या ग्रंथात आपण कुठवर आलो हे दिसत राहिल्याने धीर येतो. फक्त तिचे रकाने बदला : तारीख, कितव्या ओवीपर्यंत वाचले, आणि कोणत्या शब्दाशी थांबलात. हा तिसरा रकाना मी फार महत्त्वाचा मानतो. सहा महिन्यांनी आपण वही उघडाल तेव्हा आकड्यांवरून नुसती नजर फिरेल, पण एखाद्या तारखेपुढे ‘भुंगा’ एवढाच शब्द लिहिलेला दिसला तर ती सगळी सकाळ आठवेल. एखाद्या दिवशी मन रमले आणि साठ ओव्या झाल्या, तर आनंदाने वाचाव्यात. मात्र जास्तीच्या ओव्या उद्याच्या खात्यात जमा धरू नयेत, कारण तशी सवलत घेतली की नेम तुटायला वेळ लागत नाही.

प्रश्न : मी मोबाइलवर ई-पुस्तके वाचतो. रोज वीस पानांचे लक्ष्य ठेवले आहे, पण अक्षर मोठे केले की पाने वाढतात. हिशोब कसा ठेवावा? — एक वाचक, पुणे

उत्तर : अशा बहुतेक पुस्तकांत पान हे स्थिर माप नसते, अक्षराचा आकार आणि पडद्याची रुंदी यांप्रमाणे मजकूर नव्याने मांडला जातो. त्यामुळे किती टक्के पुस्तक झाले हा आकडा पाहावा, किंवा सरळ वेळ ठरवावा. मला स्वतःला प्रकरणाचा शेवट हा थांबा सर्वांत सोयीचा वाटतो. डोळ्यांना त्रास होत असेल तर अक्षर निःसंकोच मोठे करा, लक्ष्यासाठी ते लहान ठेवू नका.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलासाठी सुटीत भिंतीवर तक्ता लावला होता, दहा पाने वाचली की एक चांदणी. आता तो मोठ्या अक्षरांची, चित्रांचीच पुस्तके निवडतो आणि काय वाचले ते सांगता येत नाही. काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : चांदण्या मिळवण्याचा सोपा मार्ग त्याने शोधला आहे, त्याबद्दल त्याला रागावू नये. चित्रांच्या पुस्तकांनाही कमी लेखू नये. तक्ता मात्र काढून ठेवा. रात्री एकच पुस्तक दोघांनी घ्यावे, एक पान त्याने मोठ्याने वाचावे, पुढचे आपण वाचावे, आणि गोष्ट रंगात आली असेल तिथे थांबावे. खूणपट्टी त्यालाच ठेवू द्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्यापूर्वी काल कुठे थांबलो होतो, एवढे त्याला विचारा. उत्तर आले तर पुढे जा, आणि आले नाही तर कालचे शेवटचे पान पुन्हा एकदा आपण वाचून दाखवा.