मिनी ट्रॅक्टर घेतलात, आता रोटाव्हेटर कमी फिरवा

प्रश्न : सांगोला भागात आमची अडीच एकर डाळिंबाची बाग (झाडांचं अंतर १४ × १० फूट) आणि घराला लागून वीस गुंठे भाजीपाला आहे. २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला आहे. डीलर म्हणतो, पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) घ्या, महिन्याला एक पाळी मारा, बागेत गवत दिसणार नाही. गवत कापायच्या यंत्रावर पैसे घालू नका, असंही सांगतो. काय करावं?

उत्तर : पाच फुटी घेऊ नका, चार फुटी घ्या. २४ एचपी ही इंजिनची ताकद झाली, पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) त्याहून कमीच पोचते. पाच फुटी रोटाव्हेटर भारी रानात लावला की इंजिन दबतं, धूर सोडतं, डिझेल जातं आणि काम वरवरचं होतं. चार फुटी रोटाव्हेटर मिनीच्या दोन्ही चाकांचे माग झाकतो, बागेत त्याहून रुंद काही लागत नाही. पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवा आणि गाडी लो गिअरमध्ये सावकाश चालवा. गिअर बदलून रोटर जोरात फिरवला की माती रव्यासारखी बारीक होते, हे खरं. पण पहिल्याच पावसात त्या मातीवर पापुद्रा धरतो आणि पाणी आत न मुरता वाहून जातं. भाजीच्या वीस गुंठ्यांत असं झालं की बी नीट उगवत नाही, आणि मग बियाण्याच्या नावानं तक्रार होते.

आता महिन्याच्या पाळीबद्दल. हा सल्ला मुळीच ऐकू नका. डाळिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरात असतात. दर महिन्याला पाती फिरली की ती तुटतात, आणि तुटलेल्या मुळाच्या जखमेतून मर रोगाची बुरशी आत शिरते. मी अशा कितीतरी बागा पाहिल्या आहेत, जिथे मर एका झाडावर सुरू झाली आणि पुढं ट्रॅक्टर ज्या दिशेनं गेला त्याच ओळीनं सरकत गेली. एक फांदी पिवळी पडते, शेतकरी झिंक कमी म्हणून फवारणी करतो. खोडाचा तुकडा आडवा कापून पाहिला की आतलं लाकूड तपकिरी-काळं निघतं. तोवर रोटाव्हेटरनं त्या झाडाखालची माती पुढच्या दहा झाडांपर्यंत नेलेली असते. मर लागलेल्या ओळीत रोटाव्हेटर घालायचाच नाही. निरोगी भागाचं काम आधी उरकायचं आणि बाहेर पडताना पाती धुवायची. भाड्याचा रोटाव्हेटर असेल तर आत घेण्याआधी धुवायचा. मालक कुरकुर करील, करू द्या. मरसाठी आळवणी, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतणं, करायची तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सोलापूर यांची शिफारस पाहा, औषध दुकानदार देतील ते चार औषधांचं मिश्रण नको.

मग रोटाव्हेटर मारायचा कधी? वर्षातून एकदा, बहार धरण्याआधी ताणाच्या काळात (पाणी तोडलेलं असताना), दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात, तीन-चार इंच खोल. झाडाच्या घेराखाली कधीच नाही. कळी आणि सेटिंगच्या (फळ धरण्याच्या) वेळी तर नाहीच. त्या वेळी मूळ तुटलं की फूल गळतं, आणि गळ थांबवायला डीलर टॉनिकची बाटली घेऊन तयारच असतो.

वापसा (मशागतीला योग्य इतकी ओल) नसेल तर रोटाव्हेटर बाहेर काढू नका. सहा इंच खोलीवरची मूठभर माती घ्या, गोळा वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटला तर रान तयार आहे. चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या रानात पाती फिरली की खाली टणक थर बसतो. वरची माती भुसभुशीत दिसते आणि सहा इंचांखाली पहार जात नाही. दरवर्षी त्याच खोलीवर रोटाव्हेटर मारणाऱ्यांच्या रानात हे हमखास सापडतं. मग सबसॉयलरचा (खालचा टणक थर फोडणाऱ्या अवजाराचा) खर्च येतो, आणि उभ्या बागेत तोही करता येत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, वापसा नाही तर रोटाव्हेटर नाही.

तुमचे पैसे गवत कापायच्या यंत्राला लावा. मिनीला चार फुटी स्लॅशर (गवत कापणारा) किंवा मल्चर (कापून बारीक करणारा) चालतो. गवत गुडघ्याला लागण्याआधी, बी धरण्याआधी कापायचं, जमिनीपासून तीन-चार इंच वर, आणि जागेवरच पडू द्यायचं. आपल्याकडच्या माती परीक्षण पत्रिकांवर सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा ०.५ टक्क्याच्या खालीच असतो. रोटाव्हेटरच्या प्रत्येक पाळीनं तो आणखी घटतो, कापून पडलेल्या गवतानं वाढतो. उन्हाळ्यात हे आच्छादन उचलून खालची माती हातात घ्या, गारवा समजेल. मधल्या पट्ट्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला ताग पेरा आणि फुलावर येताच मल्चर फिरवा. गाजर गवत मात्र फुलण्याआधीच कापलं पाहिजे. आणि तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) लागलेल्या काड्या, फळं मल्चरखाली घालू नका. वेचून बागेबाहेर नेऊन जाळा, नाहीतर तुम्हीच रोग बारीक करून पसरवला असं होईल.

प्रश्न : हरळी आणि लव्हाळा कसा घालवायचा? रोटाव्हेटरनं जाईल का?

उत्तर : वाढेल. हरळीच्या कांडीचे तुकडे होतात आणि प्रत्येक डोळ्याला नवं रोप येतं. लव्हाळ्याच्या गाठी सगळ्या रानात पसरतात. स्लॅशरनं वरचेवर कापून आणि दाट ताग घेऊन सावलीत दाबा. भाजीच्या रिकाम्या तुकड्यात एप्रिल-मेमध्ये फणाच्या अवजारानं मुळं वर ओढून कडक उन्हात वाळवा.

प्रश्न : घराजवळ चालवताना काय जपावं? स्लॅशरचा बोल्ट सारखा तुटतो.

उत्तर : बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. दुकानदार कडक बोल्ट देईल, घेऊ नका, कंपनीचाच लावा. मुरमाड रानात स्लॅशरखालून दगड गोळीसारखा सुटतो. मागची साखळी किंवा रबरी पट्टी काढून ठेवू नका. चालू असताना पोरं, बाया, जनावरं लांब हवीत. पीटीओ शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर काढून ट्रॅक्टर चालवणारे खूप आहेत. धोतर, ओढणी, साडीचा पदर त्यात एका क्षणात गुंडाळला जातो. पात्यात गवत अडकलं तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, चावी खिशात, मगच हात. बांधावरून उतरताना रोटाव्हेटर उचललेला असेल तर पीटीओ बंद असलाच पाहिजे.

प्रश्न : अनुदान किती मिळतं?

उत्तर : अवजारांसाठी महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज करा. साधारण ४० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, कमाल मर्यादेत. पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी खरेदी केली तर पैसे मिळत नाहीत. डीलर म्हणेल, बिल आत्ता फाडू, मंजुरीचं मी बघतो. तिथंच उठून या.