आधी दोघेच

ख्रिस्तात प्रिय,

सलाम. चर्चच्या क्वायरच्या (गायकवृंदाच्या) सरांनी रविवारी सगळ्यांसमोर तुला झापलं. घरी जाऊन तू ते ग्रुपवर लिहिलंस आणि आता मला विचारतोस, चूक कोणाची? दोन चुका आहेत. त्यांतली एक तुझी. या पत्रात तेवढीच.

बायबलमध्ये मत्तय 18:15 उघड. भावाचा अपराध दाखवायचा तो तुम्ही दोघेच असताना. ऐकलं नाही तर आणखी एकदोघे न्यायचे, तेही साक्षीला, तुझी री ओढायला नव्हे. तरीही नाही ऐकलं, तर मग मंडळी, म्हणजे सगळं चर्च. आपल्याकडे गाडी उलटी धावते: आधी ग्रुप, मग दोन मित्र, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

लेवीय 19 मध्ये सोळावं वचन चहाडी करू नकोस म्हणतं आणि सतरावं कानउघाडणी कर म्हणतं. दोन्ही खेटून आहेत. शब्द तेच असू शकतात. ज्याचे त्याला सांगितले तर कानउघाडणी, तिसऱ्याला सांगितले तर चहाडी. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगितलीस तरी चहाडीच. देवाला तपशील ठाऊक आहेत, ग्रुपला कशाला हवेत? इफिसकरांस 4:29 मध्ये अशा बोलण्याला 'कुजके' म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द तोच, जो मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातून फेकून दिलेल्या माशांसाठी येतो.

आता तुझं दुखणं. सरांचा सूर चुकला, मान्य. पण तू दोन शनिवार सरावाला उशिरा आलास, हे खरं की खोटं?

1 शमुवेल 15 वाच. संदेष्टा शमुवेलाने जाब विचारल्यावर राजा शौल आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. मग म्हणतो, लोकांनी केलं. शेवटी पाप कबूल करतो, पण लगेच विनंती करतो की वडील जनांसमोर माझा मान राख. तुझा मेसेज पुन्हा वाच: 'मी फार उशिरा नव्हतो', 'बाकीचेही येतात', 'चारचौघांत बोलायला नको होतं'. तिन्ही पायऱ्या जशाच्या तशा! संदेष्टा नाथानाने दोष दाखवल्यावर दावीद राजा म्हणाला, 'मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे'. ते मूळ हिब्रूत दोनच शब्द आहेत. त्यात 'पण' नाही.

म्हणून असं कर. ग्रुपवर लिही: 'सरांशी न बोलता मी इथे लिहिलं, ते चुकलं.' पुढे काही नको. मेसेज नुसता पुसून भागणार नाही, वाचणाऱ्यांनी वाचलाय. मग सरांकडे जा. आधी त्यांचं पूर्ण ऐक. नीतिसूत्रे 18:13 ऐकण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्खच म्हणतं. त्यांचं म्हणणं तुझ्या शब्दांत त्यांना परत सांग. जे खरं आहे ते तारखेसकट कबूल कर. 'सगळ्यांसमोर बोललात, लागलं' हे त्यानंतर, आणि एकदाच. माफी आणि तक्रार एका वाक्यात आली की माफीचा सौदा होतो. बहुतेकांचं इथेच फिसकटतं.

तू म्हणशील, प्रेषित पौलाने अंत्युखियात प्रेषित पेत्राला सर्वांदेखत सुनावलं. हो, कारण पेत्र विदेश्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीतून उठला तोही सर्वांदेखतच. त्याच पौलाच्या ओळखीच्या, तंबू शिवणाऱ्या अक्विला आणि प्रिस्किल्लेने विद्वान अपुल्लोसाला मात्र बाजूला घेऊन शिकवलं, आणि त्याने शिकून घेतलं. एक अपवाद मात्र कधी विसरू नकोस. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर 'दोघेच' हा नियम लागू नाही. तिथे पोलीस. मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे.

मी सरांची बाजू घेतोय असं तुला वाटेल. त्यांना जे सांगायचं ते त्यांनाच सांगेन, तुला नाही. तिसऱ्याची गोष्ट ऐकायला नकार दिला की माणसं दुरावतात. माझीही दुरावली, त्यातली काही परत आली नाहीत. हट्ट म्हण हवं तर. हे पत्रसुद्धा म्हणूनच बंद पाकिटात आहे.

शनिवारच्या सरावाआधी त्यांच्या घरी जा. एकटा जा, मित्राला गाडीवर मागे बसवून नेऊ नकोस.