फुजिताच्या फुलांच्या चित्रातला तो पांढरा रंग नेमका कसला?

तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. पॅरिसमध्ये राहिलेला जपानी चित्रकार त्सुगुहारु फुजिता याच्या फुलदाणीच्या चित्रात मागचा पांढरा रंग इतका दुधाळ का दिसतो? आणि चित्र ऑइलचं असेल, तर देठांची रेषा टाकाने ओढल्यासारखी बारीक कशी? मी आधी दुसरा घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

मी हौशी माणूस, सुट्टीच्या दिवशी स्टिल लाइफ, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंची चित्रं, करणारा. काही वर्षांपूर्वी हे असं चित्र आपणही करून बघावं म्हणून मंडईतून निशिगंधाच्या चार काड्या आणल्या. कॅनव्हासवर पांढऱ्या ऑइलचा गुळगुळीत थर दिला, तो नीट वाळू दिला आणि त्यावर बारीक ब्रशने काळी शाई ओढली. अक्षरशः अळवावरचं पाणी! रेषेचे मणी झाले आणि ते घरंगळून एका बाजूला जमले. ऑइलच्या थरात जवसाचं तेल असतं आणि शाई पाण्यातली. तेलकट पृष्ठभाग तिला बसूच देत नाही.

फुजिताने नेमकी हीच अडचण सोडवली. जपानी शाई म्हणजे काजळी आणि प्राण्यांच्या कातडीपासून केलेला सरस. ती तो 'मेन्सो' नावाच्या ब्रशने लावायचा. चेहऱ्यावरच्या भुवया, पापण्या रंगवायला हा टोकदार ब्रश जपानी चित्रकार पूर्वापार वापरत आले आहेत. ही शाई धरून ठेवील असा थर त्याला हवा होता. त्याच्या चित्रांची डागडुजी करताना जी तपासणी झाली, तिच्यात शिशाच्या सफेद्याबरोबर खडूची पूड आणि पृष्ठभागावर टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं सापडलं. खडू आणि शंखजिऱ्यामुळे तेलाची चमक मरते, थर किंचित शोषक होतो आणि हाताला मात्र गुळगुळीत लागतो. चमक मेल्यामुळेच तो दुधाळपणा येतो. केन दोमोन या छायाचित्रकाराने १९४२ साली फुजिता काम करत असताना फोटो काढले होते, त्यांत बाळाच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा दिसतो. स्वतः फुजिताने ही कृती गुपितच ठेवली होती.

हे वाचल्यावर मीही घरातली पावडर थरावर चोळून पाहिली. शाई बसली हो, अगदी छान बसली. मग कळलं की अडचण शाईची नव्हतीच. एका श्वासात देठ ओढायला लागतो तो हात माझ्याकडे नाही.

आता रचनेबद्दल. मोकळी जागा दिसली की लोक लगेच 'झेन' आणि 'इकेबाना' (जपानी पुष्परचना) म्हणून मोकळे होतात. मला हे आळशीपणाचं वाटतं. फुजिता टोकियोच्या कलाशाळेत ऑइलच शिकला होता, १९१० साली तिथून बाहेर पडला आणि १९१३ मध्ये सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास पॅरिसला पोचला. युरोपात सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांपासून फुलदाणी ठासून भरायची रीत होती. एकाच ऋतूत कधी फुलणार नाहीत अशी फुलंही ते एकत्र रंगवत. पॅरिसमध्ये सगळे जाड रंगाचे थर चढवत असताना याने रंग पातळ केला आणि रेषा पुढे आणली. हा निव्वळ संस्कार नव्हे, बाजाराची उत्तम जाणही होती. गर्दीत वेगळं कसं दिसायचं ते त्याला पक्कं माहीत होतं. तो केसांचा चौकोनी कट, गोल चष्मा आणि कानातली कडी उगाच नव्हती.

त्याच्या चित्रांत टेबलावरचं किंवा मागचं कापडही बघत जा. १९२१ चं गजराच्या घड्याळाचं स्टिल लाइफ, जे आता पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहात आहे, त्यात फुलदाणी नाही, तरी बघाच. साध्या घरगुती वस्तू पांढऱ्या भिंतीपुढे मांडल्या आहेत आणि प्रत्येकीला सारखाच मान आहे. त्याला 'त्वाल द जुई' हे छापील सुती कापड फार आवडायचं. १९२२ च्या त्याच्या गाजलेल्या नग्नचित्रात तेच मागे आहे. गंमत म्हणजे हे कापड जन्माला आलं ते भारतीय छिटांच्या वेडातून. आपल्याकडच्या, विशेषतः कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील कापडांनी फ्रान्सला इतकं झपाटलं होतं की तिथल्या सरकारने १६८६ पासून १७५९ पर्यंत त्यांवर बंदी घातली. बंदी उठली आणि १७६० मध्ये व्हर्सायजवळच्या जुई गावात कारखाना निघाला. म्हणजे पॅरिसमधल्या जपान्याच्या चित्रात मागे लटकतंय ते आपल्याच छिटांचं दूरचं नातवंड. फुजिता स्वतः शिवणकाम करायचा, आपले कपडे आपणच शिवायचा. कापडाची चुणी त्याला बोटांनी माहीत होती आणि ती चित्रात दिसते.

'हे चित्र जपानी की फ्रेंच?' असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सहीकडे बघा. बहुतेक वेळा ती जपानी आणि रोमन अशा दोन लिप्यांत असते, आणि रोमन नावात फ्रेंचांनी 'फ्युजिता' म्हणू नये म्हणून एक 'ओ' जास्तीचा घातलेला असतो. मायदेशी परतल्यावर त्याने युद्धचित्रं काढली, युद्धानंतर त्यावरून त्याला बरंच ऐकावं लागलं आणि १९४९ मध्ये त्याने जपान सोडला तो कायमचा. १९५५ मध्ये तो फ्रेंच नागरिक झाला. त्याचा समकालीन जपानी चित्रकार यासुओ कुनियोशी १९०६ पासून अमेरिकेत होता, पण त्याला नागरिकत्व मिळालं नाही. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर तो अमेरिकेच्या सरकारदरबारी 'शत्रुराष्ट्राचा परका' ठरला. असं असताना कॅनव्हासचा देश ठरवण्यात मला रस नाही.

प्रत्यक्ष चित्र बघायची संधी मिळाली, हाकोनेच्या पोला म्युझियममध्ये म्हणा किंवा पॅरिसमध्ये, तर समोरून बघून झाल्यावर एकदा तिरकं उभं राहून बघा. प्रकाश आडवा पडला की शाईची रेषा पांढऱ्यावर कशी बसलीय ते कळतं. छापील प्रतीत हे सगळं सपाट होतं. आणि अशा तंत्राचं चित्र घरात असेल तर धूळ काढायला ओलं फडकं अजिबात लावू नका. सरस पाण्याला दाद देतो, थराआधी रेषाच पुसली जाईल. माझ्या निशिगंधाचं तेच झालं, पण तिथे फारसं नुकसान नव्हतं.