वाचकांचे प्रश्न : चप्पल जगात, बिल कोणाच्या नावे?

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चप्पल तयार होते. आई वेणी विणते. वडील आणि काका तळ कापण्यापासून शिवणीपर्यंतचे काम पाहतात. माल आजवर शहरातील दुकानदारांकडेच गेला. मिलानच्या प्रकरणानंतर जर्मनीतील एका लहान दुकानाने आमच्याकडे थेट चाळीस जोडांची मागणी केली आहे. चपलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंद) असल्यामुळे आम्हाला वेगळे काही करावे लागेल का? सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : मिलानचे प्रकरण बहुतेकांच्या स्मरणात असेल. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तेथील प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला उगमाचा उल्लेख न करता मांडल्या, त्यावरून गदारोळ झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. या गदारोळात भौगोलिक मानांकन असल्यामुळे जगात कोणी नक्कल करू शकणार नाही, असा समज पक्का झाला. तो खरा नाही. २०१९ मध्ये मिळालेले हे मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचे असून ते भारतीय कायद्याखालचे आहे. परदेशात तसेच संरक्षण हवे असेल, तर त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे वेगळी नोंदणी करावी लागते. शिवाय मानांकनाची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे; आपल्या कुटुंबाला त्याचा अधिकृत वापर करायचा असेल, तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करून घ्यावी लागेल. हा अर्ज आपण सर्वांत आधी करावा, कारण गाडीच्या मागच्या काचेवर ‘जगात भारी कोल्हापुरी’ लिहिणे सोपे असले, तरी परदेशी ग्राहकाला दाखवता येतो तो नोंदणीचा कागदच.

त्यानंतर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक. तो ऑनलाइन मिळतो, त्याचे शुल्क ५०० रुपये आहे, आणि पॅन क्रमांक हाच आयईसी क्रमांक असतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते, बदल काही नसला तरीही; हे राहून गेले तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि ते माल पाठवायच्या दिवशीच ध्यानात येते. बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) घ्यावा. जीएसटीची नोंदणी झाल्यावर निर्यातीवर आधी कर भरून नंतर परताव्याची वाट पाहण्यापेक्षा कर न भरता निर्यात करण्याचे त्या आर्थिक वर्षाचे हमीपत्र ऑनलाइन भरून ठेवावे, म्हणजे भांडवल अडकत नाही. चाळीस जोडांसाठी कंटेनरचा विचारही करू नये. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रामार्फत पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट (टपालाने होणाऱ्या निर्यातीचे घोषणापत्र) भरून पार्सल रीतसर निर्यात म्हणून पाठवता येते. ‘भेटवस्तू’ असे लिहून पाठवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नये, कारण तशा पार्सलची निर्यात म्हणून आपल्या नावावर नोंद होत नाही, आणि दुसऱ्या मागणीच्या वेळी बँकेपुढे दाखवायला हातात काही उरत नाही.

आता मालाविषयी. पहिली तक्रार बहुधा मापाची येते. युरोपीय मापात एका नंबरचा फरक सुमारे ६.७ मिलिमीटरचा असतो, ब्रिटिश मापात तो सुमारे ८.५ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे ‘आमचा आठ म्हणजे तुमचा बेचाळीस’ अशी अंदाजी बोली न करता पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलेला तक्ता आधी पाठवावा आणि ग्राहकाकडून तो लेखी मान्य करून घ्यावा. चपलेचा अंगठा आणि कान (बाजूच्या पाळ्या) वापरात सैल होतात, हेही आधीच लिहावे. आपल्याकडे गिऱ्हाईक चप्पल चार दिवस पायात रुळू देते, तिकडचे गिऱ्हाईक ती परत पाठवते.

युरोपीय संघात चामड्यातील क्रोमियम सहा या (क्रोमने कमावलेल्या कातड्यात तयार होऊ शकणाऱ्या घातक) घटकाची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे आणि काही ॲझो रंगांवर बंदी आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्यात क्रोम वापरलेच जात नाही, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. पण अस्तर किंवा पट्ट्याचे कातडे बाहेरून आणलेले असेल, तर ते कसे कमावले आहे हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे, आणि एका जोडाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. वरचा भाग, आतला भाग आणि तळ कशाचा आहे हे दाखवणारी चिन्हे युरोपात विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर लागतात. ती छापून देण्याची जबाबदारी कोणाची, हे मागणीपत्रातच ठरवावे. पावसाळ्यात माल निघणार असेल, तर चप्पल पूर्ण वाळवून प्रत्येक खोक्यात ओल शोषणारी पुडी टाकावी, नाहीतर वाटेतच बुरशी धरते. पहिल्या व्यवहाराचे पैसे आगाऊ मागण्यात संकोच मानू नये. आणि बिल आपल्या कुटुंबाच्या नावे असावे. ओळखीच्या दुकानदाराच्या नावे माल पाठवला, तर पुढची मागणी त्याच्याकडे जाईल आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

प्रश्न : दुबईतील व्यापाऱ्याला कोल्हापुरी गूळ हवा आहे. वेगवेगळ्या गुऱ्हाळांचा माल एकत्र करून पाठवला तर चालेल का? — एक अडत व्यापारी, शाहू मार्केट यार्ड

उत्तर : चालेल, मात्र कोणता रवा (गुळाची ढेप) कोणत्या गुऱ्हाळाचा हे सांगता आले पाहिजे. कोल्हापुरी गुळाला मानांकन आहे, त्यामुळे बाहेरून आलेला गूळ त्यात मिसळून त्याच नावाने विकणे हा नुसता लबाडीचा नव्हे, तर कायद्याचाही प्रश्न होतो. रंग उजळावा म्हणून हायड्रॉस पावडर (रंग उडवणारे गंधकयुक्त रसायन) टाकण्याची सवय ज्या गुऱ्हाळांत आहे, त्यांचा माल सरळ वेगळा ठेवावा. पिवळाधमक गूळ बाजारात चढ्या भावाने जातो, हे मान्य. पण परदेशी प्रयोगशाळेत त्यातील गंधकाचा अंश मोजला जातो. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, थोडा काळपट गूळ चालेल का, हे व्यापाऱ्याला नमुना पाठवून आधीच विचारावे.

अपेडाची (शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची) नोंदणी आणि अन्नसुरक्षा परवाना लागेल. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यातील शुल्कसवलतीसाठी मूळ देशाचे प्रमाणपत्र सोबत द्यावे. माल न्हावा शेवा बंदरातून जाणार असेल, तर जुलै-ऑगस्टमधल्या तारखा सैल ठेवाव्यात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, हे व्यापाऱ्याला सांगण्यात कमीपणा नाही. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, तेव्हापासून हा धंदा बाहेरच्या बाजारावरच उभा आहे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग उभारण्यासाठी अमेरिकेत स्थायिक झालेले काही कोल्हापूरकर पैसे पाठवू इच्छितात. थेट खात्यावर घ्यावेत का? — कार्यवाह, एक वाचनालय, शुक्रवार पेठ

उत्तर : सरसकट घेऊ नयेत. देणगीदार परदेशात राहत असला तरी भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असो वा घर अजून मंगळवार पेठेत असो. अशी देणगी घेण्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच यावी लागते. नियमित नोंदणीसाठी संस्थेचे किमान तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. आपल्याला ते अवघड जाऊ नये, पण हिशेब तपासलेले हवेत.

ही परवानगी मिळेपर्यंत त्या मंडळींचा उपयोग नाही, असे समजू नये. वर सुभाषनगरच्या वाचकाला मापाचा तक्ता तपासून देणारा, किंवा परदेशातील दुकानात जाऊन नमुना दाखवणारा माणूस लागणार आहे, आणि असा माणूस वाचनालयाच्या जुन्या सभासदांच्या यादीत सापडण्याची शक्यता बरीच आहे. ती यादी अद्ययावत करताना नाव, शहर आणि व्यवसाय यांच्यापुढे नागरिकत्वाचा एक रकाना वाढवावा, म्हणजे देणगीची पावती फाडताना कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही.