निपाणीच्या तिघांसाठी: खासगी रेपो फुकट आहे, पण तो उघडायचा कुणाच्या नावावर?

तुम्ही तिघं मिळून तंबाखूच्या वखारींसाठी वजन आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर करताय. कोड पेन ड्राइव्हवरून आणि व्हॉट्सॲपवरच्या झिपमधून फिरतोय. गिटहब म्हणजे कोड ठेवायची आणि मिळून लिहायची वेबसाइट, आणि रेपो म्हणजे तिथला एका प्रोजेक्टचा फोल्डर. ‘गिटहबवर झाकून ठेवायचं तर डॉलर लागतात’ असं एका सीनियरनं सांगितलं होतं, आता फुकट आहे असं ऐकलंय. ते खरं का आणि त्यात मेख काय, एवढंच तुम्हाला हवंय.

खरं आहे. आणि सीनियरही चुकीचं बोलला नव्हता, त्याच्या वेळी तसंच होतं. कोड सगळ्यांना दिसू दिला तर फुकट, खासगी ठेवायचा तर महिन्याला किमान 7 डॉलर. त्यात परदेशी पेमेंट चालणारं कार्ड आपल्याकडच्या किती पोरांकडे होतं? म्हणून फायनल इयरचे प्रोजेक्ट सर्रास उघड्यावर असायचे, डेटाबेसच्या पासवर्डसकट. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेतलं. जानेवारी 2019 मध्ये खासगी रेपो फुकट झाले, पण प्रत्येकात तीनच सहकारी घेता यायचे. 14 एप्रिल 2020 ला तीही अट गेली. गिटलॅब आणि बिटबकेट या तशाच साइट छोट्या गटांना हे आधीपासून देत होते, त्यामुळे गिटहबला कधी ना कधी हे करावंच लागणार होतं.

तुमच्या कामाचा बदल 2020 चा, कारण तेव्हापासून ऑर्गनायझेशनलाही, म्हणजे एका माणसाऐवजी गटाच्या नावावरच्या खात्यालाही, खासगी रेपो फुकट मिळतात. बहुतेक जण काय करतात, ज्याला जास्त कळतं तो स्वतःच्या खात्यावर रेपो उघडतो आणि बाकीच्यांना बोलावतो. हे करू नका. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी हे जवळून पाहिलंय. स्टॉकचा प्रोग्राम लिहिणारा मुलगा बेंगळुरूला गेला, रेपो त्याच्या खात्यावर आणि खात्याला जोडलेला ईमेल जुन्या कॉलेजचा, तोही बंद झालेला. मुलगा सज्जन, मदतीलाही तयार, पण खात्यात त्यालाच शिरता येईना. शेवटी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर सापडलेल्या जुन्या कॉपीवरून पुढचं काम सुरू करावं लागलं. शेत कोण कसतो ते वेगळं आणि उताऱ्यावर नाव कुणाचं ते वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तुमच्यातला एक जण पुण्याला जाणारच आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा हे आजच करा.

फर्मच्या नावानं ऑर्गनायझेशन उघडा आणि ओनर दोघांना करा, एकट्याला कधीच नको. आधीचा रेपो सेटिंग्जमधून ट्रान्सफर होतो, इतिहास आणि इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) सोबत येतात. दुसरा फायदा अधिकारांचा. वैयक्तिक खात्यावरच्या रेपोत बोलावलेल्या प्रत्येकाला कोड बदलता येतो, नुसता वाचायचा अधिकार देताच येत नाही. ऑर्गनायझेशनमध्ये तो देता येतो. उद्या वखारीचा अकाउंटंट किंवा नवा शिकाऊ मुलगा आला तर त्याला वाचण्यापुरतं आत घ्या.

आता मेख. फुकट प्लॅनच्या खासगी रेपोत ब्रँच प्रोटेक्शन चालत नाही. म्हणजे मेन ब्रँचवर, कोडच्या मुख्य प्रतीत, कुणी रात्री थेट पुश केलं (बदल चढवले) तर गिटहब अडवणार नाही. तिघांत ठरवून घ्या, की दुसऱ्यानं बघितल्याशिवाय मेनमध्ये काही जाणार नाही. हे जमत नसेल तर टीम प्लॅन घ्या. तो 2020 मध्येच माणशी 9 वरून 4 डॉलरवर आला. तिघांचे महिन्याला हजार-अकराशे रुपये होतील, पहिलं गिऱ्हाईक मिळालं की परवडेल. आत्ता लगेच गरज नाही असं माझं मत.

याहून मोठी काळजी मला तुमच्या .env फाइलची वाटते, ज्यात पासवर्ड असतात. तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ती बाकीच्या फाइलींच्या रांगेतच दिसतेय. ‘खासगी आहे, कोण बघतंय’ म्हणून ती तशीच पुश करू नका. पासवर्ड आणि टोकन हुडकून इशारा देणारी गिटहबची सोय सार्वजनिक रेपोंना फुकट आहे, खासगीला तिचे पैसे पडतात. म्हणजे तुमच्या रेपोवर तशी नजर नसणार. फाइल एकदा कमिट झाली (इतिहासात नोंदली गेली) आणि नंतर डिलीट केली, तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच, आणि ज्यानं क्लोन केलं (रेपोची पूर्ण कॉपी घेतली) त्याच्या लॅपटॉपवरही. तशी गेली असेल तर आधी पासवर्ड बदला, इतिहास साफ करायचं नंतर बघा. पहिल्या पुशच्या आधी .gitignore लिहा, म्हणजे काय वर चढवायचं नाही त्याची यादी, आणि त्यात ही फाइल, डेटाबेसचे बॅकअप आणि एक्सेलच्या याद्या टाका. शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, कुणाची किती उचल, हे रेपोत अजिबात नको. वखारमालकानं ते तुमच्यावर विश्वासानं सोपवलंय. चाचणीसाठी खोटी नावं वापरा, कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींतली घ्या, म्हणजे पावतीची छपाईही तपासून होईल.

टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारं लॉगिन) चालू केल्यावर रिकव्हरी कोड मिळतात. दोन्ही ओनरनी ते कागदावर काढून वेगवेगळ्या घरी ठेवावेत. आणि आठवड्यातून एकदा ऑफिसच्या मशीनवर अख्ख्या रेपोचा मिरर क्लोन (इतिहासासकट हुबेहूब कॉपी) घ्या, गिटहबवरचं खातं काही कारणानं अडकलं तरी काम थांबणार नाही. ट्रान्सफर करताना कुठं अडलात तर एररचा फोटो टाका, संध्याकाळी सातनंतर मी असतो.